साठ खुंटांची केसवाली

केसवालीशी समोर बसून गप्पा मारायच्या तर एक गोष्ट आधीच पत्करावी लागते. बोलता बोलता तिचा हात तुमच्या खांद्याकडे येणार. तुम्हाला वाटेल, किती ही माया! माया कसली? खांद्यावरचा केस उचलायला येतो तो हात. उचलणार, उजेडाकडे धरणार, टोकाला मुळाचा पांढरा ठिपका आहे का ते बघणार आणि मग विचारणार, "कुत्रं पाळलंत वाटतं? तांबूस आहे." एकदा चुलत दिराच्या लग्नात तिने चक्क नवरदेवाच्या कोटावरून एक लांबसडक सोनेरी केस उचलला. नवरीचे केस काळेभोर. सगळा हॉल माना वळवून बघतोय! बाईने मात्र केस बोटांत चोळला आणि शांतपणे जाहीर केलं, "घोड्याच्या शेपटीचा आहे." तो दीर घोड्यांच्या तबेल्यातच कामाला होता, म्हणून बरं. त्याचा संसार सुरू होण्याआधीच हिने मोडलाही असता आणि वाचवलाही असता, तेही एकाच मिनिटात.

तेव्हापासून ती केसवाली. आधी घरातले म्हणायला लागले, मग गल्ली, मग पोस्टमनसुद्धा. दारावर खरं तर 'डॉक्टर' अशी पाटी आहे, पण त्या पाटीने डोक्याला तापच जास्त. शेजारची म्हातारी गुडघा दाखवायला येते. केसवाली तो गुडघा नीट दाबून बघते आणि म्हणते, "आजी, तुम्ही रानमांजर असता ना, तर तुमच्या पणजीपर्यंत सगळं सांगितलं असतं. गुडघ्यातलं मला काही कळत नाही."

आणि खरंच सांगितलं असतं. रानातली जनावरं किती उरलीत, कोण कोणाचं पिल्लू, बाहेरचं रक्त येतंय की आपापसातच लग्नं लावून वंश पातळ होत चाललाय, हे सगळं ती केसाच्या मुळाशी असलेल्या डीएनएवरून शोधते. त्यासाठी जनावर दिसावं लागत नाही. अठरा वर्षांच्या नोकरीत तिला रानमांजर दिसलं दोनदा, आणि त्यातलं एकदा पाठमोरं. पण तिला विचाराल तर ती सांगेल, "दिसायचं काय त्यात? ओळख असली म्हणजे झालं."

हा गुण वडिलांकडचा. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. शाळा सुटली की ही पोर तिथे झाडू मारायची आणि केरातले केस बघून, गिऱ्हाईक कोण कोण येऊन गेलं ते सांगायची. "आज मास्तर आले होते. आणि मास्तरांनी केस रंगवायला सुरुवात केलीय." वडील तिच्या तोंडावर हात ठेवायचे, कारण मास्तर कधीकधी अजून खुर्चीतच असायचे. पुढे ती शिकली, परदेशी जाऊन आली, आणि एकदा वडिलांना म्हणाली, "बाबा, तुमचा कापलेला केस माझ्या फारसा कामाचा नाही. मला मुळासकट उपटलेला लागतो." वडील म्हणाले, "बाळा, मी तसा उपटला असता तर तुझी फी कोण भरणार होतं?"

तर तिच्या गावाबाहेर एक डोंगर आहे. पायथ्याशी नवी वसाहत, वर दाट झाडी आणि मध्ये काटेरी झुडपांचा एवढा दाट पट्टा की शर्ट शाबूत घेऊन कोणी परत येत नाही. या डोंगरावर केसवालीने तीन वर्षांपूर्वी साठ खुंट ठोकले. खडबडीत लाकडाचे, गुडघ्याएवढे. प्रत्येक खुंटाला एक उग्र वासाची मुळी चोळायची. माणसाला तो वास जुन्या मोज्यांसारखा येतो, पण मांजराच्या जातीला त्याचं असं काही वेड लागतं की विचारू नका. येतात, अंग घासतात, लोळतात आणि जाताना चार केस मागे ठेवून जातात. केसवाली दर पंधरा दिवसांनी चिमटा आणि कागदी पाकिटं घेऊन साठही खुंट फिरायची. प्रत्येक केसाला वेगळं पाकीट, पाकिटावर खुंटाचा नंबर, तारीख. काम झालं की खुंट आगीच्या झोताने भाजून काढायचा, म्हणजे जुना केस उरत नाही. पावसात, उन्हात, सर्दीत, तापात, चुकली नाही.

आणि घरी होता फौजदार. म्हणजे बोका. करड्या रंगाचा, अंगाने भारदस्त, शेपटी झाडूसारखी झुपकेदार. घरात येणाऱ्या प्रत्येक पिशवीची झडती घेतल्याशिवाय तो माणसाला आत सोडायचा नाही, म्हणून फौजदार. केसवालीच्या डोंगराच्या पिशवीवर तर त्याचा विशेष जीव, कारण तिला मुळीचा वास. लॅबचा नियम असा की ही पिशवी लॅबच्या कपाटातच राहिली पाहिजे, घरी न्यायची नाही. नियम कोणी केला? केसवालीने. मोडला कोणी? तुम्हीच ओळखा. घर पायथ्याच्या वसाहतीत, डोंगरापासून दहा मिनिटांवर, आणि लॅब दोन बस दूर; मग पहाटे निघताना पिशवी आणायला लॅबला कोण जाणार? पाकिटं ती आधी लॅबमध्ये पोचवायची, ते खरं; पण पिशवी बऱ्याचदा घरच्या खुंटीवर असायची आणि फौजदार पिशवीच्या आत.

आता कामाचं ऐका. त्या डोंगरमाथ्यावर गाडीरस्ता न्यायचा बेत होता. वर चहाचं हॉटेल, गाड्या उभ्या करायला जागा, फोटो काढायला कठडा. त्यावर एक समिती बसली आणि समितीने केसवालीला एकच प्रश्न विचारला: डोंगरावर रानमांजरांची वीण चालू आहे का? असेल तर रस्ता नाही. चार म्हातारी मांजरं शेवटचे दिवस मोजत असतील, तर रस्ता. दोन वर्षं तिच्याकडे तीच अकरा मांजरं होती, नवं पिल्लू एकही नाही. आणि गेल्या पानगळीत अचानक तीन नवे डीएनए मिळाले. अकराचे चौदा झाले! सविस्तर तपासणी अजून बाकी होती, पण बाईच्या पायाला जमीन लागेना. अहवालाच्या कच्च्या प्रतीत तिने ठळक अक्षरांत 'चौदा' लिहिलं, नवऱ्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, शेजारच्या गुडघ्यालासुद्धा सांगितलं. बैठक शुक्रवारी होती.

सोमवारी सविस्तर तपासणीचा निकाल आला.

लॅबचे प्रमुख म्हणजे सावकाश सर. त्यांना कोणीही काहीही सांगितलं तरी ते आधी "सावकाश" म्हणतात. एकदा लॅबला आग लागली तेव्हाही म्हणाले होते. त्यांनी केसवालीला आपल्या टेबलाशी बोलावलं, खुर्ची पुढे केली आणि चष्मा पुसला. चष्मा पुसला की समजावं, काहीतरी बिनसलंय.

"बाई, तुमची ती तीन पिल्लं."

"गोड आहेत ना?"

"पाळीव आहेत. निदान अर्धी."

केसवाली हसली. मग तिने पडद्यावरचे आकडे बघितले आणि तिचं हसू आटलं. मांजराच्या डीएनएमधल्या सोळा ठिकाणांवर त्यांची तपासणी चालते. पाळीव मांजर कसं दिसतं हे यंत्राला कळावं म्हणून गावातल्या चाळीस पाळीव मांजरांचे नमुने आधीच देऊन ठेवलेले. त्यातला पहिला, अर्थातच, घरचा फुकटचा: फौजदाराच्या गालाच्या आतून काढलेला बोळा. आता नवव्या ठिकाणी फौजदाराकडे एक चमत्कारिक गोष्ट आहे, जी बाकीच्या एकोणचाळीस मांजरांत कोणाकडेच नाही. आणि ती पडद्यावर तिन्ही नमुन्यांत चमकत होती.

"पिशवी," सावकाश सर हळूच म्हणाले. "पिशवी घरी नेता ना तुम्ही?"

तिने मान डोलावली. दुसरं काय करणार? तीन वर्षं साठ खुंट फिरायचे, आणि शेवटी आपल्याच बोक्याचे केस आपल्याच हाताने डोंगरावर नेऊन चिकटवायचे! कानाच्या पाळ्या तापल्या तिच्या.

"सावकाश," सर म्हणाले. "तीन नमुने खराब झाले असं लिहू. समितीकडे सहा महिने मागू. होतं असं. कोणी काही म्हणणार नाही."

"आणि सहा महिन्यांत रस्त्याचे लोक वर जाऊन कठडा बांधतील."

"ते आपल्या हातात नाही."

केसवाली उठली. दारापर्यंत गेली आणि परत आली. आता ही बाई अशी, की तोंडात मारल्यासारखी होते ती फार तर चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला तिचं डोकं कामाला लागतं. तिने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला आणि बोट ठेवलं.

"सर, फौजदाराचा केस पडला असता तर सगळा फौजदार दिसला असता. इथे तर अर्धाच दिसतोय."

सरांनी चष्मा घातला.

"प्रत्येक ठिकाणी दोन प्रती," ती म्हणाली, जणू सर पहिलीत होते. "एक आईची, एक बापाची. या तिघांत एक प्रत फौजदाराची आहे. सोळाच्या सोळा ठिकाणी. दुसरी प्रत कोणाची?"

सरांनी सहा नंबरच्या मांजरीची पट्टी शेजारी लावली. डोंगराच्या उत्तर बाजूची ती रानमांजरी, तीन वर्षांपासून ओळखीची. सोळाच्या सोळा ठिकाणी चपखल बसली.

"दोन केस एकत्र चिकटले असतील," सर म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. "बोक्याचा एक, मांजरीचा एक."

"मग दोघांचंही पूर्ण दिसलं असतं. एकेका ठिकाणी तीन-तीन, चार-चार प्रती. इथे दोनच आहेत. उद्या पुन्हा करते. नव्या पाकिटातले केस, एकेकटा केस. आणि पूर्ण वेळ शेजारी एक रिकामी नळी ठेवते. माझा हात अस्वच्छ असेल तर रिकाम्या नळीतही फौजदार उगवेल."

मंगळवारी दुपारी चार वाजता निकाल आला. रिकामी नळी रिकामी होती. आणि तिन्ही पिल्लं, एकेका केसावरून, पुन्हा तीच: आई सहा नंबर, बाप फौजदार.

"पण बाई," सावकाश सर म्हणाले, "तुमच्या बोक्याचं ऑपरेशन झालंय ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"झालंय," केसवाली म्हणाली. मग पर्स उचलली. "म्हणजे, मला तसं सांगण्यात आलंय."

घरी सासूबाई टेबलाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. सासूबाई म्हणजे पाच फूट उंचीच्या, पण घरातला शब्द त्यांचाच. मांडीवर फौजदार, डोळे अर्धे मिटून. केसवालीने पर्स खाली ठेवली नाही की चपला काढल्या नाहीत. सरळ समोरची खुर्ची ओढली.

"आई, तीन वर्षांपूर्वी मी डोंगरावर होते आणि तुम्ही फौजदाराला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. आठवतंय?"

"आठवतंय की. टोपलीतून नेलं होतं. केवढा तो रडत होता!"

"आणि ऑपरेशन झालं."

सासूबाईंनी एक शेंग फोडली. वाटाणे मोजल्यासारखे बघितले. "यंदा दाणा फार बारीक आहे बघ."

"आई."

"दोन दिवस टोपलीत निजवलं होतं त्याला. सगळे चवड्यांवर चालत होतात. तू स्वतः त्याला चमच्याने दूध पाजलंस."

"ते माझ्या लक्षात आहे. मी विचारतेय ऑपरेशनचं."

आतून केसवालीचा नवरा टॉवेलने हात पुसत आला. बस डेपोतला मेकॅनिक. बोलायला कमी, ऐकायला पक्का. आईचा चेहरा बघितला, बायकोचा बघितला आणि परत आत जायला वळला.

"थांब रे तू!" सासूबाई म्हणाल्या. "तुला माहीत होतं ना, मग एकटीवर का?"

"मला?" नवरा म्हणाला. "मला तू फक्त गप्प बस म्हणाली होतीस. कशाबद्दल ते सांगितलंच नव्हतंस."

शेवटी आलं बाहेर. डॉक्टरांच्या दारात रांग होती. पुढच्या बाईचा बोका आतून असा काही ओरडला, की सासूबाईंचं काळीज चर्र झालं. टोपलीतून फौजदाराने त्यांच्याकडे एक नजर टाकली. ती नजर त्यांनी आजही डोळे मोठे करून दाखवली. त्या उठल्या, शेजारच्या दुकानातून अर्धा किलो मासे घेतले आणि घरी आल्या. बाकीचं नाटक आपोआप जमत गेलं.

"अगं, एकुलता एक तो," त्या म्हणाल्या. "त्याचा वंश बुडवायचा माझ्या हातून?"

"वंश!" केसवाली म्हणाली. "वंश डोंगरावर बागडतोय तुमचा. तीन पिल्लं आहेत."

सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. मग, काय सांगावं, त्या बाईच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला की केसवालीला रागावणंच सुचेना.

"तीन? आणि सून कशी आहे? दिसायला, म्हणजे घराणं?"

"घराणं तुमच्या लेकापेक्षा दहा हजार वर्षांनी जुनं आहे. आणि त्याने ते बाटवलं."

"बाटवलं कसलं? तिला पसंत असल्याशिवाय का?"

नवरा आत जाऊन हसला. भिंत पातळ होती, सगळं ऐकू आलं. शेवटी केसवालीलाही हसू फुटलं. पण हसता हसता तिला एक गोष्ट जास्त टोचत होती. बाई केसावरून मांजराची पणजी सांगते, आणि तीन वर्षांत स्वतःच्या बोक्याची शेपटी उचलून एकदाही बघितलं नाही! वयात आलेला बोका कोपऱ्या-कोपऱ्यात जो वास सोडतो, तो घरात येत होता की. पण तिला वाटायचं, आपल्या मुळीचाच येतोय. आणि घरच्यांनाही तेच वाटायचं; म्हणून ते बिचारे तिला काही बोलत नव्हते.

बुधवारी ती लॅबमध्ये लवकर पोचली. झोप नीट झाली होती. तिची झोप कशानेच उडत नाही, हा एक तिचा मोठाच गुण. सावकाश सरांनी 'नमुने खराब' असं लिहिलेला कागद तयार ठेवला होता, फक्त सही बाकी.

"नाही करत," ती म्हणाली. "रिकामी नळी रिकामी होती. नमुने चांगले आहेत. खराब आहे तो माझ्या घरचा कारभार."

"मग वीण चालू आहे, हे तुम्ही शुक्रवारी सांगू शकत नाही. तीनच पिल्लं, आणि तीही अर्धी घरची. डोंगर जाईल, बाई."

ते खरं होतं आणि ते तिला कळत होतं. ती नकाशासमोर उभी राहिली. साठ टाचण्या, साठ खुंट. आणि तिला एक साधाच प्रश्न पडला, जो सोमवारीच पडायला हवा होता. फौजदार गेला कुठून? वसाहत आणि डोंगर यांच्यामध्ये तो काटेरी पट्टा. हा बोका पावसात अंगणात उतरत नाही, मऊ उशी नसेल तर जेवत नाही. तो काट्यांतून अंग फाडून घेत प्रेम करायला जाईल? असेल कोणी तसा, पण आमचा फौजदार नाही.

तिने तीन वर्षांच्या वह्या काढल्या. पाळीव मांजराचा केस कुठल्या खुंटावर, कधी मिळाला, एवढंच शोधायचं. पहिलं वर्ष: साठही खुंटांवर एकही नाही. दुसरं आणि तिसरं वर्ष: सोळा, सतरा, अठरा आणि एकवीस. चारच खुंट, आणि फक्त त्याच चारांवर फौजदारासकट पाच वेगवेगळे पाळीव बोके. आजवर या केसांवर 'पाळीव, सोडून द्या' असं लिहून ती पाकीट बाजूला ठेवायची. केस रानमांजराचा की घरच्या मांजराचा एवढंच बघायचं. घरचा असेल तर कोणाचा, हे कधी बघितलंच नाही; यंत्रात पडून असलेल्या त्यांच्या पट्ट्या तिने आज पहिल्यांदा शेजारी लावल्या, तेव्हा हे पाच निघाले. तिने नकाशावर त्या चार टाचण्यांना दोरा बांधला. दोरा सरळ रेषेत गेला, वसाहतीच्या मागून थेट वर.

सावकाश सर मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग, नोकरीच्या आयुष्यात पहिल्यांदा, ते म्हणाले, "लवकर. प्रिंट काढा."

शुक्रवारची बैठक एका लांब खोलीत होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, खिडकीपाशी कोणीच न चालवलेला पंखा. पाच जणांची समिती, मधोमध अध्यक्षीणबाई: केस आखूड, नजर कडक, हातात शिसपेन्सिल. एका बाजूला रस्त्याचे इंजिनियर, इस्त्री इतकी कडक की बसल्यावर कोट उभाच. दुसऱ्या बाजूला केसवाली, निळ्या कोटात, आणि कोटावर करडे केस. आज तिने ते काढले नव्हते.

"सरळ विचारते," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "वीण चालू आहे का?"

"मांजरी विते आहे," केसवाली म्हणाली. "तीन पिल्लं आहेत. आई अस्सल रानमांजर. बाप पाळीव बोका आहे. आणि सगळं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसरीकडून कळायला नको. तो बोका माझा आहे."

एक क्षण कोणाला नीट कळलंच नाही. मग कोपऱ्यातला एक सदस्य पाणी पिता पिता ठसकला. इंजिनियर हसले, आणि मग खोलीभर सगळेच.

"म्हणजे डोंगरावरचं रान तुमच्या घरातच राहतं म्हणायचं!" इंजिनियर म्हणाले. "मग राखायचं काय उरलं, मॅडम? बोका घरी बांधा, रस्ता आम्ही बांधतो."

"बोका बांधते," केसवाली म्हणाली. "पण तो वर कसा गेला, ते विचारा ना मला."

"कसा गेला?" हे अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

तिने नकाशा टेबलावर पसरला. चार टाचण्या, एक दोरा. "पहिल्या वर्षी साठ खुंटांवर पाळीव मांजराचा एक केस नाही. काट्यांतून ती जातच नाहीत. दोन वर्षांपूर्वी, वसंतात, इथे काय झालं?" तिने दोऱ्यावर बोट फिरवलं आणि इंजिनियरांकडे बघितलं. अगदी प्रेमाने बघितलं.

इंजिनियरांनी नकाशा स्वतःकडे ओढला. दोन वर्षांपूर्वी, वसंतात, रस्त्याच्या मोजणीसाठी त्यांच्या माणसांनी झुडपं तोडून चार मीटर रुंद पट्टा केला होता. वसाहतीच्या मागून थेट वर.

"चार मीटर मोकळे केलेत, तर पाच बोके वर गेले," केसवाली म्हणाली. "आणि त्या चार खुंटांवर आधी रानबोक्यांचे केस मिळायचे, ते त्या महिन्यापासून बंद. एकही नाही. सहा नंबरच्या मांजरीला नवरा मिळाला तो माझा, कारण तिचे होते ते पळून दुसऱ्या बाजूला गेले. तुम्ही विचारलंत, वीण चालू आहे का. मी सांगते, पोरं चांगली आहेत, मांजरी चांगली आहे, अकराच्या अकरा अजून अस्सल आहेत. पण चार मीटरने हे झालं. आता दुपदरी रस्त्याचा हिशेब तुम्हीच करा."

"हे तुमच्या कच्च्या अहवालात नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"नाही. त्यात चौदा लिहिलंय. ते चूक आहे. अकरा आणि तीन असं लिहायचं. दुरुस्त प्रत हीच." तिने कागद पुढे सरकवले. "तिथे तळटीपेत बोक्याच्या मालकाचं नावही आहे."

अध्यक्षीणबाईंनी तळटीप वाचली. पेन्सिल खाली ठेवली. "अशी तळटीप मी आजवर वाचली नाही," त्या म्हणाल्या, आणि तोंडासमोर कागद धरला. कागद थोडा हलत होता.

लगेच काही सगळं मनासारखं झालं नाही, तसं कधी होत नसतं. समितीने रस्ता रद्द केला नाही. तीन वर्षांसाठी थांबवला. पट्ट्यात पुन्हा काटेरी झुडपं लावायची, आणि ती इंजिनियरांच्या खर्चाने. तिन्ही पिल्लांना पिंजऱ्यात धरून, ऑपरेशन करून, आपल्या आईच्या डोंगरावर परत सोडायचं. वसाहतीतल्या सगळ्या मांजरांची ऑपरेशनं करायची. आणि तीन वर्षांनी साठ खुंटांवरून पुन्हा मोजायचं. इंजिनियर जाताना म्हणाले, "तीन वर्षांनी भेटू, मॅडम." केसवाली म्हणाली, "या की," आणि बोलता बोलता त्यांच्या कोटाच्या बाहीवरून एक केस उचलला. उजेडाकडे धरला. "तुमच्या घरी मांजर आहे. पिवळं. वसाहतीतच राहता का हो?" इंजिनियरांनी बाही झटकली, पण नाही म्हणाले नाहीत. तिने पाकीट काढून केस आत टाकला आणि त्यावर तारीख घातली.

यादीत पहिला नंबर कोणाचा, हे सांगायला नकोच. सोमवारी सकाळी टोपली भरली. सासूबाईंनी येतेच म्हणून हट्ट धरला, केसवाली म्हणाली, "याच, पण या वेळी मासे मी घेणार, आणि ते नंतर." डॉक्टरांच्या दारात तीच रांग, तीच बाकं. फौजदाराने टोपलीतून तीच नजर टाकली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला खरा, पण उठल्या नाहीत. केसवालीने टोपलीच्या दाराला पाय लावून ठेवला होता, तो आपला सावधगिरी म्हणून.

आत डॉक्टरांच्या मदतनीस बाईने फॉर्म घेतला. वय? पाच. रंग? करडा. खाणं?

"सगळं," केसवाली म्हणाली.

"याआधी पिल्लं झालीत का याला, काही कल्पना?"

केसवालीने तोंड उघडलं. पण सासूबाई तिच्या आधी पुढे सरसावल्या. पाठ ताठ, डोळे अजून ओले.

"तीन," त्या म्हणाल्या. "तिघंही डोंगरावर असतात. आईकडे."